चेंडू कोणाचा, चित्र कोणाचे?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत आमच्याकडे आला. चेहरा उतरलेला होता. सुट्टीत त्याने एक चित्रफीत तयार करून वडिलांच्या खात्यावरून आंतरजालावर प्रसिद्ध केली होती. एका सामन्यात डावखुऱ्या गोलंदाजाने टाकलेला चेंडू टप्पा पडल्यावर आत कसा वळला आणि फलंदाजाचा पुढचा पाय कोठे चुकला, हे त्याने त्या चेंडूचे दृश्य संथ करून, मधून मधून थांबवून व त्यावर रेघा आखून समजावून दिले होते. तासाभरातच ती फीत दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी स्वामित्वहक्काचा भंग झाल्याची सूचना आली. घरी वडील रागावले ते वेगळेच. मुलाने आम्हांस एवढेच विचारले, "सर, मी चोरी केली का?"

त्या दिवशी आम्ही 'उद्या सांगतो' असे म्हणून वेळ मारून नेली, कारण खरे उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हते. मराठीचे व्याकरण शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचा कायद्याशी संबंध तो कितीसा असणार? परंतु प्रश्न मनातून जाईना. अखेर परिचयाच्या एका वकिलांकडे दोन-चार संध्याकाळी बसून, त्यांनी काढून दिलेले निवाडे त्यांच्याच साहाय्याने वाचून, जे काही उमगले ते येथे मांडीत आहोत. आपल्या शाळेतील कित्येक मुले-मुली हल्ली सामन्यांवर अशा फिती तयार करतात, तेव्हा हा विषय वार्षिकात अस्थानी ठरू नये.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की खेळ आणि खेळाचे चित्र या दोन भिन्न वस्तू आहेत. मैदानावर जे घडते ते कोणाच्याही मालकीचे नसते. नाटककार नाटक लिहितो, म्हणून ते नाटक त्याचे. चेंडू कोठे जावा आणि झेल सुटावा की टिकावा, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नसते. २०११ साली युरोपीय न्यायालयापुढे फुटबॉलच्या सामन्यांविषयी हाच प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने सांगितले की सामना नियमांनी बांधलेला असल्यामुळे त्यात कर्त्याच्या सर्जक स्वातंत्र्यास वाव नाही, म्हणून स्वामित्वहक्काच्या दृष्टीने सामना ही 'कृती' नव्हे. त्यापूर्वी अमेरिकेत बास्केटबॉल संघटनेने मोटोरोला कंपनीवर दावा लावला होता. सामने चालू असताना त्यांची गुणसंख्या खिशातील लहानशा यंत्रावर कळविण्याची सोय त्या कंपनीने केली होती. १९९७ साली न्यायालयाने निर्णय दिला की गुणसंख्या ही वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीवर कोणाचा स्वामित्वहक्क चालत नाही. आपल्याकडेही क्रिकेटची धावसंख्या भ्रमणध्वनीवर संदेशाने कळविणाऱ्या कंपन्यांविरुद्ध एका प्रक्षेपण कंपनीने दावे लावले होते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सामन्याची माहिती सर्वांसाठी खुली मानून तिच्यावरील मक्तेदारी अमान्य केली.

याचे घरचेच उदाहरण द्यावयाचे तर १९४७ च्या मार्च महिन्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना आपल्या बडोद्यातच झाला. समोर इंदूरचा होळकर संघ होता. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. त्यांत गुल महंमद यांच्या ३१९ आणि हजारे यांच्या २८८ धावा झाल्या. बडोद्याने एकूण ७८४ धावा काढून एक डाव व ४०९ धावांनी सामना जिंकला. हे आकडे येथे छापण्यासाठी आम्ही कोणाची अनुमती घेतलेली नाही, आणि घेण्याचे कारणही नाही. हजारे कसे खेळले, होळकरांच्या गोलंदाजीत काय उणे होते, यावर कोणीही हवे तितके लिहावे. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे समालोचन करीत, तेव्हा श्रोत्यांपुढे चित्र नव्हतेच. शब्दांनीच सारे मैदान उभे करावे लागे, आणि ते शब्द सर्वस्वी बोलणाऱ्याचे असत.

चित्राची गोष्ट निराळी आहे. कॅमेरा कोठे उभा करावा, कोणत्या क्षणी गोलंदाजाचा हात दाखवावा आणि कोणत्या क्षणी क्षेत्ररक्षकाचा चेहरा, कोणते दृश्य संथ गतीने पुन्हा दाखवावे, यात माणसाची निवड असते, कष्ट असतात आणि अपार पैसाही असतो. म्हणून आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार सामन्याचे ध्वनिचित्रमुद्रण हे चलच्चित्र मानले जाते, आणि त्यावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. याखेरीज प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेस तिच्या प्रक्षेपणापुरता आणखी एक स्वतंत्र हक्क आहे, तो २५ वर्षांचा. या हक्कांचे मोल किती, हे २०२२ च्या जून महिन्यात सर्वांस दिसले. इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांतील ४१० सामन्यांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. प्रत्येक सामन्यामागे सुमारे ११८ कोटी रुपये पडले! एवढी रक्कम मोजणारा आपल्या चित्राची राखण डोळ्यांत तेल घालून करणार, याचे नवल वाटावयास नको. त्याच पैशांवर खेळाडूंची मानधने चालतात. कोणी संपूर्ण सामना उचलून फुकट दाखवू लागला तर ते अपहरणच होय. त्याची बाजू घेण्यास आम्ही येथे बसलेलो नाही.

मग चित्राला हातच लावू नये काय? येथे कायदा म्हणजे केवळ कुंपण आहे, असे समजणाऱ्यांचा घोटाळा होतो. ग्रंथपरीक्षण लिहिणारा टीकाकार ग्रंथातील चार ओळी उद्धृत करतो, ती चोरी नसते. त्या ओळी न देता 'भाषा क्लिष्ट आहे' एवढेच लिहिले तर वाचकाने त्यावर विश्वास का ठेवावा? ज्यावर टीका करावयाची ते समोर ठेवल्याखेरीज टीकेस अर्थ राहत नाही. हे ओळखूनच आपल्या कायद्याच्या ५२ व्या कलमात टीका वा परीक्षण यांसाठी, तसेच चालू घटनांचे वृत्त देण्यासाठी केलेला 'न्याय्य व्यवहार' हक्कभंगातून वगळला आहे. प्रक्षेपणाविषयीचे ३९ वे कलम तर आपल्या विषयास अधिकच लागू पडते. चालू घटनांचे वृत्त, प्रामाणिक परीक्षण, अध्यापन आणि संशोधन यांसाठी प्रक्षेपणातील वेचे न्याय्य प्रमाणात वापरण्यास ते मोकळीक देते. आम्हां शिक्षकांचे नाव त्या यादीत पाहून, खरे सांगतो, थोडे बरे वाटले.

न्याय्य म्हणजे किती? मुले नेमके हेच विचारतात, आणि कायद्यात याचे उत्तर आकड्यांत नाही. 'सात सेकंद चालतात', 'दहा सेकंदांपर्यंत कोणी काही म्हणत नाही' अशा वदंता मुलांत फार आहेत. त्यांस कोणताही आधार नाही. हे पटण्यासाठी इंग्लंडमधील दोन निवाडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

१९९० साली इटलीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. ब्रिटनमध्ये तिच्या प्रक्षेपणाचा हक्क बीबीसीकडे होता. ब्रिटिश सॅटेलाइट ब्रॉडकास्टिंग या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्या क्रीडावृत्तांत बीबीसीच्या प्रक्षेपणातील वेचे दाखविण्यास आरंभ केला. प्रत्येक वेचा १४ ते ३७ सेकंदांचा असे, आणि सामन्यानंतरच्या चोवीस तासांत तो फार तर चार वेळा दाखविला जाई. ही दृश्ये बीबीसीची आहेत, हे पडद्यावर सांगितले जाई. बीबीसीने दावा लावला आणि १९९१ साली ती हरली. न्यायमूर्तींचे म्हणणे असे की ही दृश्ये खरोखरच वृत्ताचा भाग म्हणून आली आहेत, ती लहान आहेत आणि बातमी ताजी असेतोच दाखविली आहेत. दाखविणारा व्यापारातील प्रतिस्पर्धी आहे, एवढ्याने व्यवहार अन्याय्य ठरत नाही.

आता दुसरा निवाडा २०१६ सालचा, आणि तो क्रिकेटचा आहे. 'फॅनॅटिक्स' नावाच्या भ्रमणध्वनीवरील सेवेत कोणाही प्रेक्षकास चालू प्रक्षेपणातील आठ सेकंदांपर्यंतचा तुकडा टिपून, त्यावर दोन शब्द लिहून इतरांस दाखविता येत असे. इंग्लंडचे क्रिकेट मंडळ आणि स्काय ही प्रक्षेपण कंपनी यांनी फिर्याद केली. केवळ आठ सेकंद! दिवसभराच्या सामन्यात आठ सेकंद म्हणजे समुद्रातील थेंब, असे कोणासही वाटेल. परंतु न्यायमूर्ती म्हणाले की प्रेक्षक ज्यासाठी सामना पाहतो तो बळी किंवा षटकार त्या आठ सेकंदांतच सामावलेला असतो. तेव्हा लांबीने अल्प असलेला भाग महत्त्वाने मोठा असू शकतो. शिवाय हे तुकडे घटनेची माहिती देण्यासाठी योजलेले नव्हते. ते पाहण्याची मौज हाच त्यांचा हेतू होता. तुकड्यास जोडलेले दोन शब्द म्हणजे वृत्त नव्हे, आणि असे असंख्य तुकडे एकत्र आले की हक्कधारकाचे नुकसान होते. निकाल वादींच्या बाजूने लागला. त्याच निवाड्यातील एक गोष्ट मात्र आपण विसरू नये. वृत्त देण्याचा अधिकार केवळ वृत्तपत्रांना व वाहिन्यांना आहे असे नव्हे, सामान्य नागरिकही त्या सवलतीस पात्र ठरू शकतो, हे न्यायमूर्तींनी मान्य केले.

३७ सेकंद न्याय्य आणि ८ सेकंद अन्याय्य! घड्याळ हातात घेऊन बसणाऱ्याने काय समजावे? आमच्या मते यातून एकच अर्थ निघतो. तुम्ही चित्र किती घेतले यापेक्षा ते कशासाठी घेतले, आणि जे सांगावयाचे त्यासाठी तेवढे आवश्यक होते काय, याला अधिक महत्त्व आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात या विचाराचे चार घटक नमूद केले आहेत: वापराचा हेतू व स्वरूप, मूळ कृतीचा प्रकार, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम. यांपैकी एकाच घटकावरून निर्णय होत नाही, सर्व मिळून तोलावे लागतात.

हे तोलणे कसे होते, याचा एक दाखला २०१७ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात मिळाला. प्रकरण क्रीडेचे नव्हते. एका चित्रफितीची थट्टा करणारी दुसरी फीत कोणी तयार केली होती. मूळ फीत ५ मिनिटे २४ सेकंदांची, आणि टीकाकाराने तिच्यातील सव्वातीन मिनिटे, म्हणजे निम्म्याहून अधिक भाग घेतला होता. तरीही तो वापर न्याय्य ठरला, कारण टीकाकार थोडे दाखवून थांबत होता, बोलत होता, पुन्हा थोडे दाखवीत होता, आणि ते बोलणे वजा केले तर त्याच्या सुमारे चौदा मिनिटांच्या फितीत फारसे काही उरत नव्हते. परंतु त्याच न्यायालयाने हेही बजावून ठेवले की अशा सर्वच फिती न्याय्य नसतात. काही केवळ मित्रमंडळींनी एकत्र बसून पाहण्याच्या कार्यक्रमासारख्या असतात, आणि त्यांत टीका नावालाही नसते. कोपऱ्यात स्वतःचा चेहरा ठेवून 'अरे वा!' म्हणत अख्खा डाव दाखविणाऱ्यांनी हा इशारा जरूर ध्यानात घ्यावा.

ही झाली न्यायालयातील गोष्ट. तेथे न्यायाधीश असतात, ते फीत पाहतात आणि तीमधील शब्द ऐकतात. परंतु आमच्या विद्यार्थ्याची फीत कोणा न्यायाधीशाने पाहिली नव्हती, कोणा कारकुनानेही पाहिली नव्हती. मोठ्या संकेतस्थळांवर हे काम यंत्र करते. त्यांतील सर्वांत परिचित यंत्रणा म्हणजे यूट्यूबची 'कंटेंट आयडी', जी २००७ पासून चालू आहे. हक्कधारक आपल्या चित्रांची मूळ प्रत तेथे देऊन ठेवतात. नवी फीत आली की यंत्र ती त्या प्रतींशी ताडून पाहते. साम्य आढळले तर हक्कधारकाच्या इच्छेनुसार फीत बंद होते, अथवा तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न त्याच्याकडे वळते, किंवा तिच्यावर नुसती नजर ठेवली जाते. यंत्रास साम्य कळते, हेतू कळत नाही. एकाने बळीचे दृश्य नुसते डकविले आणि दुसऱ्याने तेच दृश्य थांबवून फलंदाजाच्या पायाची चूक दाखविली, तर यंत्राच्या लेखी दोघेही सारखेच. ज्या भेदावर इंग्लंड-अमेरिकेतील न्यायमूर्तींनी पानेच्या पाने खर्च केली, तोच नेमका यंत्रास दिसत नाही.

यावर दाद मागता येते. हरकत नोंदविल्यास दावा करणाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. आपल्या देशाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे रीतसर तक्रार पोचल्यास मध्यस्थ संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर बंद करावयाचा, आणि २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करण्यास मोकळीक असते. कागदावर हे सारे ठीकच आहे. परंतु रविवारच्या सामन्यावरील विवेचन सोमवारी वाचावयाचे असते. महिनाभराने ते खुले झाले तर शिळ्या भाकरीसारखे त्याचे मोल. शिवाय यूट्यूबवर ९० दिवसांत स्वामित्वहक्काच्या तीन रीतसर तक्रारी खात्यावर बसल्या तर सारे खातेच बंद होण्याचा धोका असतो. त्यामुळे न्याय आपल्या बाजूस असतानाही पुष्कळसे लोक हरकत न घेता गप्प बसतात.

यात आमच्या दृष्टीने चिंतेची बाब आहे. सामन्याचे हक्क ज्याच्याकडे, समालोचकही त्याच्याच पगारावरचे. त्यांच्यापैकी कितीजण आयोजकांच्या चुकीवर, वाईट खेळपट्टीवर वा निवडीतील पक्षपातावर मोकळेपणाने बोट ठेवू शकतील? हे काम ज्यांचे कोणाशी लागेबांधे नाहीत असे स्वतंत्र विश्लेषकच करू शकतात, आणि त्यांच्यापाशी दाखविण्यास चित्र मात्र दुसऱ्याचेच असते. ग्रंथाच्या प्रकाशकाने 'परीक्षणात एकही ओळ उद्धृत करू नये' असा दंडक घातला असता तर मराठीत टीकावाङ्मय निर्माण झाले असते काय? हक्कधारकाचे उत्पन्न राखणे उचित आहे, परंतु उत्पन्न राखण्याच्या यंत्राने टीकाकाराचे तोंडही सहज बंद होत असेल, तर ते यंत्र आपल्या कामाबाहेर गेले असे आम्ही म्हणू.

काही चतुर मंडळी यंत्रास चकविण्यासाठी दृश्य आरशातल्याप्रमाणे उलटे करतात. त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा फलंदाज डावखुरा होतो! ज्यास खेळाचे तंत्र समजावून द्यावयाचे आहे त्याने असे करावे, याहून मोठा विनोद नाही. आणि प्रकरण न्यायालयात गेलेच तर ही लपवाछपवी प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून उपयोगी पडणार नाही. 'हक्कभंगाचा हेतू नाही' असे खाली लिहून ठेवल्यानेही काही साधत नाही. मूळ प्रक्षेपकाचा उल्लेख करणे हा सभ्यपणा आहे आणि तो करावाच, तथापि उल्लेख म्हणजे अनुमती नव्हे.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याची फीत आम्ही त्याच्या भ्रमणध्वनीवर दोनदा पाहिली. ती सहा-सात मिनिटांची होती. आरंभी २२ सेकंदांचे त्या एका चेंडूचे दृश्य तुकड्यातुकड्यांनी आले होते. प्रत्येक तुकड्यावर तो बोलत होता, रेघ आखीत होता, आणि ते बोलणे मुद्देसूद होते. उजळणीसाठी त्याने आपल्या सोसायटीच्या अंगणात धाकट्या भावास उभे करून तोच पाय पुन्हा चुकवून दाखविला होता! तो भाग तर आम्हांस सर्वांत आवडला, आणि तो संपूर्णपणे त्याच्या मालकीचा होता. परंतु शेवटी पन्नासेक सेकंद त्याच सामन्यातील सारे बळी एकापाठोपाठ एक जोडलेले होते, आणि त्यांच्या मागे एका चित्रपटातील गाणे वाजत होते. आम्ही विचारले, "हे कशासाठी?" तो म्हणाला, "सर, शेवट जोरदार व्हावा म्हणून."

आम्ही त्यास सांगितले की पहिल्या भागासाठी तुझ्यापाशी कायद्याचा चांगला आधार आहे, तू परीक्षण केलेस आणि परीक्षणास लागेल तेवढेच घेतलेस. शेवटच्या भागास मात्र कोणताच आधार नाही. तेथे तू काही बोललाच नाहीस, आणि गाण्याचा मालक तर आणखी तिसराच कोणी. अर्थात निवाडा देणारे आम्ही नव्हे, हेही सांगितले. त्याने शेवट कापून टाकला, आरंभी दृश्य कोणाच्या प्रक्षेपणातील आहे ते लिहिले आणि फीत पुन्हा चढविली. यंत्राने ती पुन्हा बंद केली. या वेळी वडिलांस विचारून त्याने हरकत नोंदविली. कोणत्या सेकंदास कोणते दृश्य आहे आणि त्यावर आपण काय म्हटले आहे, असे एक पान त्याने स्वतः लिहिले. आम्ही केवळ ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

सत्ताविसाव्या दिवशी दावा मागे घेतल्याची सूचना आली आणि फीत खुली झाली. तोपर्यंत ती मालिका संपून दुसरी सुरू झाली होती. हा लेख लिहिताना पाहिले तेव्हा ती पाहणाऱ्यांची संख्या एकतीस होती, आणि त्यांत आम्ही निदान तीन वेळा मोजले गेलो असू.